चटणीचा धंदा, दोन पूर आणि एक प्रश्न : श्रद्धा कुठे संपते, हट्ट कुठे सुरू होतो?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. मोबाईलवरून लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

मी सांगलीची. २०१४ पासून चटणीचा धंदा करते. (पुण्यामुंबईकडच्यांसाठी : आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला.) सासूबाईंच्या हाताखाली शिकले. पहिल्या उन्हाळ्यात गल्लीतल्याच बायकांची मिळून २० किलो झाली, पाचव्या उन्हाळ्यात १२०० किलो. मग गावभागात तळमजल्यावरची एक खोली भाड्याने घेतली, दोघी बायका हाताशी आल्या.

२००५ च्या पुराचं पाणी त्या खोलीत कुठवर आलं होतं त्याची खूण मालकांनी भिंतीवर करून ठेवली होती. मी त्या खुणेच्या हातभर वर फळी मारून घेतली आणि मिरचीची पोती तिच्यावर रचली. म्हटलं, आता काळजी नाही. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. नऊ दिवसांनी दार उघडलं तर पोती फळीवर जशीच्या तशी. एका क्षणाला वाटलं, वाचली! पोत्यात हात घातला तर मिरची आत गरम लागत होती. भिजून, कुजून वाफ धरलेली. तो गरमपणा अजून हाताला आठवतो.

पाटल्या मोडून परत उभं केलं. जुलै २०२१ ला परत पाणी. या वेळी माल शेजाऱ्यांच्या माडीवर हलवला होता, पण दळायचं मशीन उचलता आलं नाही, मोटर गेली. तेही केलं परत. आता तिसरा घाव आहे तो पाण्याचा नाही. एका मोठ्या वितरकाकडे सात महिने १,८४,००० रुपये अडकलेत, फोन उचलत नाही. बँक नवीन कर्ज द्यायला तयार आहे. नवरा म्हणतो, बस कर आता, तब्येत बघ.

सासूबाई मात्र ठाम. त्या दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जातात. २०१९ ला आम्ही चिखल उपसत होतो तेव्हा म्हणाल्या, "आपल्या दारातनं गेलेलं पाणी पुढं महाराजांच्या पादुकांवरनं गेलंय, ते वाईट कसं म्हणू?" तेव्हा मला राग आला होता, खरं सांगते. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी खराटा त्यांनीच हातात घेतला.

तर प्रश्न हा की, मी परत उभी राहते ती श्रद्धा की नुसता हट्ट? तुमच्यापैकी ज्यांनी धंदा केलाय त्यांनी कशावरून ओळखलं?

रुखवत
अगं, वाचूनच पोटात कालवलं. सविस्तर नंतर लिहिते. पण सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

वाळवंटातला_मराठी
वाडीच्या पाण्याबद्दल माहीत नसलेल्यांसाठी. कृष्णा चढली की पाणी दत्तमंदिरात उत्तरेच्या दारातून आत येतं आणि पादुकांवरून दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, त्या पाण्यात स्नान करायला लांबलांबून लोक येतात. पाणी आणखी वाढलं की उत्सवमूर्ती पुजाऱ्यांच्या घरी नेतात. मी कुरुंदवाडचा, आता मस्कतला. पुराच्या बातम्या इथे बसून बघवत नाहीत.

हिशेबनीस
ताई, श्रद्धेवर मी नंतर बोलतो, तो माझा प्रांत नाही. आधी आकडे द्या. एक किलो चटणीला कच्चा माल, दळण, जळण, मजुरी मिळून किती पडतात? घरून किती रुपये किलोने विकता, वितरकाला किती रुपयांनी? त्याला एकूण किती माल दिला? आणि या सगळ्यात तुमची स्वतःची मजुरी धरली आहे का? हे कळल्याशिवाय हट्ट की श्रद्धा ते मला तरी सांगता येणार नाही.

शंकासुर
विषय कडू वाटेल, पण बोलतो. सत्कार ज्यांचे होतात त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत येतात. श्रद्धा ठेवून बुडालेल्या बायकांना कोणी व्यासपीठावर बोलवत नाही. त्यामुळे "जिद्द ठेवा, यश मिळेल" असल्या प्रतिसादांपासून ताईंनी सावध राहावं. पाटल्या एकदाच मोडता येतात.

मोर्णाकाठ
शंकासुर, आमच्या अकोला जिल्ह्यातल्या कल्पना सरोज यांचं काय मग? बाराव्या वर्षी लग्न, सासरी छळ, परत माहेरी, जीव द्यायचा प्रयत्न, त्यातून वाचून मुंबईत शिलाईकाम. पुढे कर्जात रुतलेली कमानी ट्यूब्ज त्यांनी हातात घेतली, उभी केली. २०१३ ला पद्मश्री. त्याही "बस झालं" म्हणू शकल्या असत्या ना?

शंकासुर
मोर्णाकाठ, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण कमानीत त्यांनी आधी काय केलं ते बघा. कंपनीवर शंभर कोटींच्या वर देणी होती. त्या बँकांशी बोलणी करायला बसल्या, व्याज-दंड कमी करून घेतले, मग पुढचं. म्हणजे आधी देणं आटोक्यात आणलं. मी तेच म्हणतोय.

चाळकरीण
मला लिज्जतची सुरुवात आठवते आहे, कारण ताईंचीही लढाई पाण्याशीच आहे.

१५ मार्च १९५९. गिरगावातल्या चाळीच्या गच्चीवर सात जणी, ८० रुपये उसने, पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं. हे सगळ्यांना माहीत आहे. पहिल्याच पावसाळ्यात काय झालं ते कमी जणांना माहीत असतं. पापड वाळेचनात. चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. पापड खाटेवर, खाली स्टोव्ह. झाला पावसाळा पार. १९६१ ला मालाडला शाखा काढून पाहिली, ती चालली नाही. पुढे आगपेट्या, अगरबत्ती करून पाहिलं, तेही जमलं नाही, सोडून दिलं. पापड मात्र सोडला नाही.

माझ्या काकू वीस वर्षं लिज्जतच्या बहेन होत्या. पहाटे केंद्रावर जायचं, मळलेलं पीठ घरी आणायचं, दिवसभर लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड द्यायचे आणि त्याच वेळी मजुरी हातात. "रोजचं रोज" हा त्यांचा मंत्र. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली तेव्हा काकूंनी घरात शिरा केला होता. मी त्यांना विचारलं होतं, इतकी वर्षं कशाच्या जोरावर टिकलं हो हे? त्या म्हणाल्या, "अगं, उधारी नव्हती."

कृष्णाकाठची, तुमच्या तिसऱ्या घावाचं उत्तर मला तरी या तीन शब्दांत दिसतं.

रुखवत
चाळकरीण, खाट आणि स्टोव्ह! किती साधं. +१

गिरणगावकर
उधारीवरून लिहावंसं वाटलं. माझी आई करी रोडला खानावळ चालवायची. दहा बाय बाराची खोली, १८ गिरणी कामगार जेवायला, पाळीप्रमाणे दोन वेळा पंगत. पगार महिन्याने, म्हणून वाण्याकडे सगळं उधार. वाणी दर लावील तो. अडीअडचणीला सावकार, त्याचं व्याज दहा टक्के, तेही महिन्याला. मंगळसूत्र वर्षातले आठ महिने गहाण.

मग प्रेमाताई पुरव आल्या. १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू झालं, पहिल्यांदा १४ जणींचा गट. त्यांनी राष्ट्रीयीकृत बँकेला पटवलं की तारण नसलं तरी या बायका एकमेकींना जामीन राहतील आणि पैसे फेडतील. आईचा नंबर पुढे लागला. बँकेत सही करताना तिचा हात कापत होता, असं ती सांगायची. त्या कर्जातून तिने आधी वाण्याची वही मिटवली आणि रोखीने किराणा आणायला लागली. रोखीने घेतलं की तांदूळ स्वस्त पडतो आणि खडेही कमी निघतात, हे तिचं वाक्य.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अठराच्या अठरा जेवायला येत राहिले, पैसे कोणाकडेच नाहीत. आईने चार महिने जेवू घातलं. वहीत नाव आणि खाडे लिहीत गेली. पाचव्या महिन्यात तिने दोनच माणसं ठेवली, ज्यांना गावच नव्हतं असे, आणि बाकीच्यांना हात जोडून सांगितलं. त्या रात्री ती रडली. पुढच्या आठवड्यापासून फोर्टातल्या कचेऱ्यांना डबे द्यायला लागली. पैसे आठवड्याचे आगाऊ.

त्या अठरांपैकी पाच जणांनी नंतर पैसे आणून दिले. एकाने १९९१ ला, कोकणातून येऊन, आंब्याच्या पेटीसकट. वही अजून माझ्याकडे आहे.

आई फार देवभोळी नव्हती. पण माणूस भुकेला जाता कामा नये, यावर तिची श्रद्धा होती. पाचव्या महिन्यात तिने ती सोडली असं मला वाटत नाही. शंकासुर, तुम्हाला काय वाटतं?

शंकासुर
गिरणगावकर, उत्तर नाही माझ्याकडे. प्रतिसाद दोनदा वाचला.

मांडवीतीर
प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तिसंग्रामात होत्या. आमच्या घरी त्यांचं नाव नेहमी घेतलं जायचं. पोर्तुगीज राजवटीसमोर उभी राहिलेली बाई बँकेच्या साहेबासमोर कशी उभी राहिली असेल!

कृष्णाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. गिरणगावकरदादा, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. वही जपून ठेवा म्हणाल्या.

हिशेबनीस, आकडे देते. किलोला मिरची, खोबरं, कांदा-लसूण, तेल, मसाले, दळण, दोघींची मजुरी धरून ४३० पडतात. घरून ६४० ने विकते. वितरकाला ४८० ने दिली. त्याला ६०० किलो दिली, म्हणजे २,८८,०००. त्याने १,०४,००० दिले. माझी मजुरी धरलेली नाही. घरचंच काम ना.

हिशेबनीस
घरचंच काम हे वाक्य मराठी बायकांच्या धंद्याला पुरापेक्षा जास्त बुडवतं, ताई. रागावू नका.

आता बघा. वितरकाच्या मालाला छापील पाऊच, खोकी आणि टेम्पो वेगळा लागला असणार. किलोला ३५ धरू. झाले ४६५. तुमची मजुरी किलोला ४० धरू, तीही कमीच आहे. झाले ५०५. विकलीत ४८० ला. म्हणजे त्याने एक पैसा न बुडवता वेळेवर दिले असते तरी किलोमागे २५ रुपये तोटा. ६०० किलोंवर १५,०००. घरच्या विक्रीत मात्र तुमची मजुरी धरूनही किलोमागे १७० सुटतात.

तेव्हा धंदा तुमचा चांगला आहे. वितरकाचा करार वाईट होता.

कृष्णाकाठची
हे मी कधी असं मांडलंच नव्हतं. दोन वर्षं मला वाटत होतं नदीने मला मागे खेचलं. तुमचा हिशोब कागदावर तीनदा करून पाहिला.

वकीलसाहेबा
अडकलेल्या पैशांबद्दल. तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल असं धरते. ती ऑनलाईन आणि फुकट असते, त्यासाठी कोणा एजंटाला पैसे देऊ नका. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ, व्याज लागतं. सरकारच्या ऑनलाईन पोर्टलवर तक्रार करता येते, ती अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे जाते. आयकरातही अशी थकलेली रक्कम खर्च म्हणून दाखवायला खरेदीदाराला अडचण येते, त्यामुळे त्यांचा सीए जागा होतो. नोंदणी माल देण्याआधीची आहे ना, ते पाहा. आणि बिलं, टेम्पोच्या पावत्या, माल पोचल्याचे मेसेज, सगळं एका फाईलला लावा. आधी एक रीतसर नोटीस पाठवा. बऱ्याचदा नोटिशीवरच काम होतं.

कृष्णाकाठची
नोंदणी २०२१ ची आहे. फाईल आजच लावते.

पाटावरवंटा
मी दुसऱ्या बाजूने लिहिते. मी नागपूरची. शेवया, सरगुंडे, मुगवड्या करत होते, सहा बाया होत्या माझ्याकडे. २०१७ ला बंद केलं.

कशावरून ओळखलं विचारताय ना, सांगते. एका महिन्यात मी पतसंस्थेचं व्याज भरायसाठी भावाकडून पैसे घेतले. भावाचे परत करायसाठी भिशी उचलली. त्या रात्री मशीनपाशी बसले होते आणि लक्षात आलं की दोन महिन्यांपासून मी शेवया कशा झाल्या ते चाखूनच पाहिलं नाही. आधी प्रत्येक घाणा चाखायची. माझं सगळं लक्ष हप्त्यात. तिथेच संपलं होतं माझ्यासाठी.

मशीन विकली, बायांचे पैसे पहिले चुकते केले, मग बाकी. आता एका शाळेत पोषण आहाराचं काम बघते. हरले असं कोणी म्हटलं तर म्हणू देते. त्या सहापैकी दोघींनी आता स्वतःचं सुरू केलंय आणि दिवाळीला पहिली पिशवी माझ्याकडे येते.

ताई, तुम्ही तुमची चटणी अजून चाखता का?

कृष्णाकाठची
चाखते. रोज. परवाच्या घाण्यात मीठ कमी होतं, रात्री अकराला उठून परत कालवली.

रुखवत
मग झालं तर!

माणदेशी
म्हसवडवरून. आमच्या इथली गोष्ट सांगतो. लोहारकाम करणारी एक बाई पावसाच्या आधी पालावर टाकायला प्लास्टिक घ्यायचं म्हणून पैसे साठवू बघत होती. बँक तिचं खातं उघडेना, रक्कम फार लहान म्हणून. इथे काम करणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हांनी ठरवलं, मग बायकांचीच बँक काढू. रिझर्व्ह बँकेने अर्ज परत पाठवला, प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून. बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि काही महिन्यांनी परत गेल्या. साहेबांना म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नाही पण मोजता येतं, कुठल्याही रकमेचं व्याज काढायला सांगा, तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढू द्या आणि बघा कोण आधी सांगतं. १९९७ ला माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

आमची आत्या तिथली जुनी खातेदार. शेळ्यांसाठी कर्ज घेतलं होतं. दुष्काळात चारा नव्हता तेव्हा तिने तीन शेळ्या विकून दोन ठेवल्या आणि हप्ता भरला. सगळ्या ठेवल्या असत्या तर सगळ्या मेल्या असत्या, म्हणते. त्या दोन शेळ्या रात्री अंगणात तिच्या खाटेला बांधलेल्या असायच्या.

एडिसनवासी
न्यू जर्सीहून. इथे २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत घरच्या स्वयंपाकघरात केलेलं विकायची परवानगीच नव्हती, अमेरिकेत सगळ्यात शेवटी आमच्या राज्यात मिळाली. माझी पत्नी आता शंकरपाळे, नानकटाई करते. परवान्याची वाट बघण्यात तिची चार वर्षं गेली, पण त्या काळात तिने दर शनिवारी नानकटाई केली आणि देवळात वाटली. त्यामुळे पहिल्या दिवशी गिऱ्हाईक तयार होतं. मूळ प्रश्नाशी किती संबंध आहे माहीत नाही, पण लिहावंसं वाटलं.

कोल्हापुरी_ठसका
वाचून डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मिरचीचं नाही. अवांतर : ताई, चटणीत कांदा वाळवून तळता की ओलाच परतता? आणि दगडफूल घालता का?

कृष्णाकाठची
उभा चिरून कडक उन्हात दोन दिवस वाळवायचा, मग तळायचा. ओला घातला तर पावसाळ्यात चटणीला वास येतो. दगडफूल थोडं.

कोल्हापुरी_ठसका
दगडफुलाने काळपट येते की हो! आमच्याकडे नाही चालत.

मोर्णाकाठ
झालं, आता शंभर प्रतिसाद दगडफुलावर.

वाळवंटातला_मराठी
घालावं. नाही घातलं तर ती चटणी नव्हे, तिखट.

हिशेबनीस
दगडफुलाचा दर किलोला किती पडतो तेही कळवा, खर्चात धरलं नसेल तर.

कृष्णाकाठची
(पाच आठवड्यांनी) धागा वर काढतेय. सगळ्यांनी इतकं लिहिलं, तेव्हा पुढचं सांगणं माझं काम आहे.

नोटीस गेली. बारा दिवसांनी वितरकाच्या माणसाचा फोन आला, ६०,००० जमा झाले. उरलेल्यांसाठी पोर्टलवर तक्रार टाकली आहे. ते आले तर आले, त्यांच्या भरवशावर काही ठरवलेलं नाही. बँकेचं कर्ज नको म्हणून सांगितलं. वितरकांना माल देणं बंद. या वर्षी फक्त ७०० किलो करायची, अर्धे पैसे ऑर्डरबरोबर, अर्धे माल घेताना. सांगताना जीभ जड झाली होती, पण जुन्या गिऱ्हाइकांपैकी कोणी वाईट मानलं नाही. एक आजी म्हणाल्या, आधीच का नाही घेतलेस? वहीत माझ्या नावाने मजुरीचा रकाना काढलाय. नवऱ्याने स्वतः स्केचपेनने रेघ मारून दिली.

गावभागातली खोली सोडली. जायच्या दिवशी २००५ च्या खुणेवर २०१९ ची खूण केली आणि २०२१ चीही, पुढच्या भाडेकरूला कळावं म्हणून. नवी जागा दुसऱ्या पेठेत, माडीवर आहे. सासूबाई पौर्णिमेला वाडीला जाऊन आल्या, प्रसादाचे पेढे पहिल्या घाण्याच्या पातेल्याशेजारी ठेवले होते. मी त्यांना तुमचा सगळ्यांचा धागा सांगितला आणि विचारलं, आई, तुम्हाला काय वाटतं, श्रद्धा की हट्ट? त्या कांदे निवडत होत्या. म्हणाल्या, "मला इचारू नको, ऊन चाललंय, कांदा पालथा घाल."

पाटावरवंटा
मजुरीचा रकाना! छान केलंत. एक किलो माझ्यासाठी धरा, अर्धे पैसे आधी पाठवते.

चाळकरीण
पोती माडीवर कशी चढवता पण? जिना असेल तर बायकांच्या कमरेचं काही खरं नाही.

कृष्णाकाठची
खिडकीच्या वरच्या वाशाला कप्पी लावून घेतली आहे, दोराने ओढतो. पहिलं पोतं परवा वर गेलं. दोघी खाली, मी वर, सासूबाई खिडकीत उभ्या राहून "हळू, हळू" करत होत्या.